थोरलीचा पत्रा

शेवटचा रिव्हेट निघायला तयार नव्हता. बाईंनी ड्रिल बाजूला ठेवलं, छिन्नी टेकवली आणि हातोडीचा बेताचा घाव घातला. रिव्हेटचं डोकं उडालं आणि हँगरच्या फरशीवर टणटणत कुठेतरी दिसेनासं झालं. पंखाच्या मुळाशी असलेला ताटाएवढा पत्रा त्यांनी दोन्ही हातांनी उतरवून शिडीच्या पायरीवर टेकवला आणि उघड्या पोकळीत टॉर्च धरला.

तडा होता. पंखाचा सगळा भार घेणाऱ्या मुख्य तुळईच्या खालच्या कडेला, बोल्टच्या भोकातून निघालेला. मागच्या खेपेला तो शोधायला भिंग लागलं होतं. आता भिंग खिशातच राहिलं.

"आहे का अजून?" खालून पत्रेकाकांनी विचारलं.

"जाईल कुठे?"

पत्रेकाका शिडीच्या दुसऱ्या बाजूने वर चढले. हँगरमधलं पत्र्याचं सगळं काम त्यांच्याकडे होतं आणि बाई इथे प्रमुख म्हणून येण्याच्या कितीतरी आधीपासून होतं. त्यांनी पोकळीत डोकं घातलं, बराच वेळ काढलं नाही. बाहेर आले तेव्हा कपाळाला ग्रीस लागलं होतं.

"वाढलाय," ते म्हणाले, आणि घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलताना करावा तसा आवाज लहान करून पुढे म्हणाले, "पण बिचारी उडत तर नाही."

तेच तर होतं. किनाऱ्यावरच्या त्या तळावर समुद्रावर गस्त घालणारी तीन विमानं होती. एकाच कारखान्यातून, एकाच वर्षी आलेली. हँगरमध्ये त्यांना कोणी क्रमांकाने ओळखत नसे. थोरली, मधली आणि धाकटी. थोरली जमिनीवर येऊन बरेच दिवस झाले होते. सुटे भाग बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता, त्यामुळे मधलीला पंप लागला की थोरलीचा निघायचा, धाकटीची चाकं झिजली की थोरलीची जायची. थोरलीने उपाशी राहायचं आणि धाकट्यांनी जेवायचं, असं वायरमन म्हणायचा. तसाच एक भाग काढताना तिचा पंख उघडला होता आणि तडा सापडला होता. मधली आणि धाकटी उडत होत्या, म्हणून त्यांचे पंख उघडायला वेळ मिळत नव्हता. त्याच खाऱ्या हवेत त्या थोरलीपेक्षा जास्त उडाल्या होत्या. आत काय असेल, याचा अंदाज बाईंना भिंगाशिवायही करता येत होता.

त्यांनी वर कळवलं होतं. तळप्रमुखांच्या टेबलावरून दर वेळी एकच शेरा परत यायचा: निरीक्षणाखाली ठेवावे.

"ताई, उतर खाली. शिडीवर चढायचं वय राहिलंय का तुझं?"

हँगरच्या दारात बाईंचा धाकटा भाऊ उभा होता, हेल्मेट काखेत मारून. धाकटीचा वैमानिक. घरात त्याला चिमण्या म्हणत. विमानाशी त्याचा संबंध येण्याच्या आधीपासून, तो भिंतीवरून उड्या मारायचा तेव्हापासून.

"तुझं लग्न मी याच वयात लावलं," बाई म्हणाल्या. "धाकटी कशी होती आज?"

"छान. जरा कुरकुरते वळताना."

"कुठे कुरकुरते?"

"अगं, म्हातारी झाल्यावर सगळेच कुरकुरतात. तू नाही कुरकुरत?" पत्रेकाकांकडे बघून त्याने डोळा मारला. "मला वाटतं तू दार वाजवतेस ना, त्याचा राग येतो तिला."

दार वाजवणं ही बाईंची सवय होती. भाऊ उडायच्या आधी धाकटीच्या पंखाच्या मुळाशी जायचं आणि बोटांच्या पेरांनी दोनदा ठकठक करायचं. त्यातून काही कळत नसे, हे त्यांना इतर कोणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. आणि प्रत्येक वेळी तो वरून खिडकीतून डोकं काढून ओरडायचा, "कोणी आहे का घरात?"

बाईंनी टॉर्च विझवला. भावाला वर बोलावून तो तडा दाखवावा, असं एकदा मनात आलं. पण उद्या सकाळी त्याला पुन्हा त्याच समुद्रावर जायचं होतं, आणि दाखवून हातात काय देणार? त्यांनी शिडी उतरताना पत्रा बरोबर घेतला आणि तो थोरलीच्या चाकाला टेकवून ठेवला.

परवा समिती येणार होती. नवीन विमानं घ्यायची की नाहीत आणि घेतली तर आधी कोणत्या तळाला द्यायची, हे ठरवणारी. इतकी वर्षं कागद जायचे आणि कागद यायचे. माणसं पहिल्यांदाच येत होती.

बाईंनी दुपारी हँगरमधल्या सगळ्यांना एकत्र केलं.

"मला उद्या मुख्यालयात बोलावलंय. परवा समितीबरोबरच परत येईन. थोरलीला कोणी हात लावायचा नाही. आहे तशी आतच राहू दे. पत्राही तिथेच राहू दे."

 वायरमनने घसा खाकरला.

"आणि रांग?"

रांग हा त्या तळावरचा शब्द होता. कोणी बाहेरचं यायचं असलं की तिन्ही विमानं हँगरसमोर नाकं एका रेषेत ठेवून उभी करायची. आत काय नाही ते कोणाला कळू नये, बाहेरून पूर्ण दिसलं पाहिजे. कोणत्या तरी जुन्या साहेबांनी पाडलेला पायंडा, पण हँगरच्या माणसांनी तो आपल्या अब्रूचा प्रश्न करून टाकला होता. एकदा थोरलीच्या इंजिनावर प्रोपेलर नव्हता, तर झाडूचे दांडे बांधून त्यावर कापडी खोळ चढवली होती. पाहुण्यांनी नेमका तिच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. ती गोष्ट अजून चहाच्या वेळी निघायची आणि अजून सगळे पोट धरून हसायचे.

"रांगेचं मी बघते," बाई म्हणाल्या.

"साहेब तुम्हाला काय म्हणाले ते ऐकलंय आम्ही," पत्रेकाका म्हणाले. तळप्रमुखांनी सकाळी सगळ्यांसमोरच सुनावलं होतं: रांग मोडलेली दिसली तर जबाब बाईंनी द्यायचा, आणि मग कुठे बदली होईल ते विचारायचं नाही.

"साहेबांचंही मी बघते. हात लावायचा नाही म्हणजे नाही."

यापेक्षा जास्त त्यांनी सांगितलं नाही. उघडा पंख मुद्दाम ठेवला होता का, असं उद्या कोणी या माणसांना विचारलं, तर त्यांना खोटं बोलावं लागू नये एवढाच विचार होता. पत्रेकाकांनी मान डोलवली. ती मान बाईंनी होकार समजून घेतली.

मुख्यालयातल्या विश्रामगृहाच्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि भिंतीवर एका नव्या विमानाचं चित्र होतं. संध्याकाळी आईचा फोन आला.

"उतरला गं चिमण्या?"

"उतरला. दुपारीच. तुझ्याशेजारीच बसला असेल."

"बसलाय. पण तुझ्याकडून ऐकलं की बरं वाटतं." मग आईने विचारलं, "नवीन विमानं येणार म्हणतो तो. खरं का?"

"बघू या उद्या."

"आली नाहीत तरी काय? तुझ्या हाताखाली आहेत ना, मग मला काळजी नाही."

बाईंनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ त्या भिंतीवरच्या चित्राकडे पाठ करून बसून राहिल्या.

सकाळी गाडीत समितीच्या अध्यक्षा त्यांच्या शेजारी बसल्या. पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण ऐकून घेणाऱ्या. पुढच्या सीटवर समितीतले हिशेबनीस डुलक्या घेत होते.

"खरं सांगा," अध्यक्षा म्हणाल्या. "किती वाईट आहे?"

"मी सांगण्यापेक्षा तुम्ही बघा."

"तेच हवंय मला. रिपोर्ट सगळीकडून येतात आणि सगळे रडतात. डोळ्यांनी काही दिसलं, तर तुमच्या तळाचं नाव मी स्वतः पहिलं घालीन."

"दिसेल," बाई म्हणाल्या. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी पाठ सीटला टेकवली.

गाडी फाटकातून आत शिरली, इंधनाच्या टाक्यांना वळसा घालून हँगरसमोर आली. रांग उभी होती. थोरली, मधली, धाकटी. तिघींची नाकं एका रेषेत, चाकं धुतलेली, काचा पुसलेल्या. थोरली तर नखशिखांत ताज्या करड्या रंगात. हँगरची माणसं इस्त्रीच्या कपड्यांत बाजूला उभी होती. पत्रेकाकांच्या अंगठ्याला पट्टी होती. बाई गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांनी हनुवटी किंचित वर केली, म्हणजे: झालं, काळजी करू नका.

तळप्रमुखांनी पुढे येऊन समितीचं स्वागत केलं. बाई त्यांच्या मागून थोरलीपर्यंत चालत गेल्या. पंखाच्या मुळाशी पत्रा जागच्या जागी बसला होता. एकेक रिव्हेट कारखान्यातूनच आल्यासारखा बसवलेला. एवढं सुरेख काम त्या अंगठ्याने एका दिवसात कसं केलं असेल, हे बाईंना क्षणभर खरोखर कळेना. त्यांनी हात टेकवला. बोटांना करडा रंग लागला.

"यातलं वाईट कोणतं?" मागून अध्यक्षांनी विचारलं.

"हे."

हिशेबनीस हसले. "हे? हे तर नवंकोरं दिसतंय."

"या पत्र्यामागे..." बाई म्हणाल्या.

अध्यक्षा थांबल्या. "काय आहे पत्र्यामागे?"

तळप्रमुख बाईंकडे बघत नव्हते. ते पत्रेकाकांकडे बघत होते. माहीत असलेला तडा झाकून विमान तयार म्हणून उभं करणं, या एका गोष्टीला त्या धंद्यात माफी नव्हती. त्यात नोकरी जायची, आणि साहेबांनी मनावर घेतलं तर माणूस तुरुंगात जायचा. पत्रेकाकांच्या मागे वायरमन होता, रंगारी होता, इंजिनवाले दोघे होते. सगळ्यांच्या नखांत करडा रंग होता.

"मुख्य सांधा आहे," बाई म्हणाल्या. "जुना झालाय. उघडून बघायला हवा."

"काही सापडलंय का त्यात? तसं असेल तर उघडा. लागेल तेवढा वेळ मी थांबते."

अध्यक्षा खरोखर थांबल्या. त्या उत्तराची वाट बघणाऱ्या होत्या, आणि त्यांनी वाट बघितली. हँगरच्या छपरावरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी पोंगा एकदा भरला आणि खाली पडला. बाईंनी रंग लागलेली बोटं पदराआड नेली.

"वय झालंय, म्हणून म्हटलं," त्या म्हणाल्या.

"वय आपलंही झालंय," अध्यक्षा मोकळेपणी हसल्या आणि मधलीकडे वळल्या.

पुढचा तास सुरळीत गेला. मधलीचं इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. हिशेबनीसांनी थोरलीसमोर उभं राहून फोटो काढून घेतला तेव्हा वायरमनने तोंडावर हात धरला. झाडूच्या दांड्यांची गोष्ट त्याच्या गालांत मावत नव्हती. चहा झाला. निघताना अध्यक्षांनी बाईंना बाजूला घेतलं.

"मला भंगार बघायला मिळेल असं वाटलं होतं. तुमच्या माणसांचं कौतुक करावं तेवढं थोडं." त्यांनी बाईंच्या दंडाला हात लावला. "मागच्या आठवड्यात एका तळावर गेलो होतो. विमानं उघडी पडलेली, कोणाला काही देणंघेणं नाही. पहिली नवी विमानं त्यांनाच द्यावी लागतील, नाहीतर कोणीतरी मरेल तिथे. तुमची अजून चार-सहा वर्षं सहज जातील. अशी माणसं असल्यावर."

"मॅडम," बाई म्हणाल्या. पुढचं वाक्य तयार होतं. मॅडमच्या खांद्यावरून पलीकडे पत्रेकाका चहाचे कप गोळा करत होते, पट्टीचा अंगठा वर ठेवून.

"बोला."

"सावकाश जा. घाटात धुकं असतं."

गाडी गेल्यावर बाई सरळ तळप्रमुखांच्या खोलीत गेल्या. धाकटीचा पंख उघडायची परवानगी मागितली. आजच.

"बाई, आज?" तळप्रमुख हसले. सकाळपासून पहिल्यांदाच ते मनापासून हसत होते. "आजच तुमची पाठ थोपटून गेले ते लोक. उद्या धाकटी उघडी पडलेली दिसली तर मी काय सांगू? पुढच्या तिमाहीत बघू."

"थोरलीत जे आहे तेच तिच्यात असणार."

"थोरलीत काय आहे?" त्यांनी विचारलं. "समितीने विचारलं तेव्हा तर तुम्ही काहीच नाही म्हणालात."

बाई हँगरमध्ये परतल्या तेव्हा पत्रेकाका त्यांच्या बाकावर अवजारं पुसत होते.

"बाई, रागावलात? हात लावू नका म्हणाला होतात तुम्ही." त्यांनी मान वर केली नाही. "पण साहेब तुमच्यावर कसे बोलले ते ऐकलं सगळ्यांनी. तुम्ही एकटीने खाली मान घालून उभं राहायचं आणि आम्ही काय बघत बसायचं? पोरांनी जेवणसुद्धा उभ्यानेच केलं काल."

"तडा माहीत होता तुम्हाला."

"आपल्याला माहीत आहे ना? मग झालं. परक्यांना कशाला दाखवायचं? घरातलं घरात." मग जरा बिचकत, "चुकलं का काही?"

बाईंनी त्यांच्या अंगठ्याची पट्टी बघितली. ती भिजून काळी झाली होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "काम सुरेख झालंय. पट्टी बदला ती."

दुपार कलताना भोंगा वाजला. मासेमारीची एक बोट सकाळपासून दिसत नव्हती आणि समुद्र चढत होता. मधलीचं इंजिन दाखवण्यासाठी चालवलं होतं, त्यात तेलाची गळती निघाली होती. धाकटी जाणार होती.

चिमण्या धावत आला, बाईंच्या हातातला चहाचा कप घेऊन एका घोटात संपवला आणि कप परत हातात दिला.

"बिनसाखरेचा? शिक्षा आहे नुसती."

"किती माणसं आहेत बोटीवर?"

"सहा. एकाची बायको बंदरावर येऊन बसलीय म्हणे." तो शिडीवर चढला. "आईला सांग, उशीर होईल."

बाई धाकटीच्या पंखाखाली उभ्या राहिल्या. नको जाऊ, असं म्हणता आलं असतं. हँगरच्या प्रमुखाने सही केली नाही तर विमान उडत नाही. मग बंदरावर बसलेल्या त्या बायकोला कोणीतरी जाऊन सांगायला हवं होतं, की सगळ्यात चांगली रांग असलेल्या तळावर आज उडायला विमान नाही. त्यांनी उड्डाणाच्या कागदावर सही केली आणि कागद लावलेली फळी शेजारच्या माणसाकडे दिली.

वर खिडकी सरकली.

"ताई! आज दार नाही वाजवलंस?"

"नको."

"का गं? घरात कोणी नाही?"

"आहे," बाई म्हणाल्या. "कोण आहे ते माहीत आहे मला."

तो खळखळून हसला, ताईला काय म्हणायचंय ते न कळताच, लहानपणी हसायचा तसा. मग खिडकी बंद झाली, प्रोपेलर फिरले, आणि धाकटी रांगेतून बाहेर पडून धावपट्टीकडे वळली. वळताना ती कुरकुरली. बाईंना ते इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू आलं.

विमान समुद्राच्या बाजूला एक ठिपका होऊन ढगात गेलं तरी सगळे तिथेच उभे होते. रांगेच्या टोकाला धाकटीच्या जागी तेलाचा एक डाग तेवढा उरला होता.

"बरं दिसत नाही हे," पत्रेकाका म्हणाले. "साहेब अजून ऑफिसात आहेत, खिडकीतून समोरच दिसतं त्यांना. थोरलीला तिथे सरकवू का? धाकटी आली की परत मागे घेऊ."

बाईंनी कप जमिनीवर ठेवला. माणसं थोरलीभोवती जमली. कोणी चाकाशी, कोणी शेपटाशी. बाई पुढे आल्या, पंखाच्या मुळाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही तळवे त्या करड्या पत्र्यावर टेकवले. पत्रेकाकांनी "हं" म्हटलं. बाईंनी अंगातलं सगळं बळ लावून रेटलं.

एवढ्या जोराची गरज नव्हती. थोरली सहज हलली. तिच्या आत आता फारसं काही उरलंच नव्हतं.